मुलीची पिट्यूटरी (मेंदूच्या तळाची हार्मोनची ग्रंथी) वाढलीय म्हणून ऑपरेशन सांगितलं, पण टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) १५० च्या वर आलाय. कोणाला अनुभव आहे का?

रामबागची_आई
नमस्कार सगळ्यांना. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. मागच्या दोन-अडीच वर्षांत तिची उंची वाढलीच नाही म्हटलं तरी चालेल, सहावीतला युनिफॉर्मचा स्कर्ट लांबीला अजून बरोबर बसतो, कमरेला मात्र हूक लागत नाही. घरात सगळे म्हणायचे आजीच्या वळणावर गेलीय. मग डोकं दुखायला लागलं, चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर नंबर काही नाही, त्यांनीच एमआरआय करून घ्या म्हणून सांगितलं. रिपोर्टात आलं की पिट्यूटरी मोठी झालीय, उंची १५ मिमी, वर डोळ्यांच्या नसांना टेकलीय आणि शेवटी 'मॅक्रोअ‍ॅडिनोमाची शक्यता', म्हणजे मोठी गाठ. एका हॉस्पिटलात सर्जनना दाखवलं, ते म्हणाले नाकातून ऑपरेशन करावं लागेल, तारीख घेऊन टाका. ऑपरेशनच्या आधी ज्या रक्ताच्या तपासण्या होतात त्यात थायरॉईड होता, त्यात टीएसएच १५० पेक्षा जास्त (लॅबचं मशीन तिथपर्यंतच मोजतं म्हणे) आणि टी४ (थायरॉईड बनवतो ते हार्मोन) अगदी तळाला. आता आमचे नेहमीचे मुलांचे डॉक्टर म्हणतायत थांबा, आधी एंडोक्राइनवाल्यांना (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा, ही गाठ नसेलही, गोळीने उतरेल. सासरे म्हणतायत सरळ मुंबईला न्या, मिस्टर म्हणतात डोक्याच्या आतली गोष्ट आहे, एका गोळीने कशी जाईल. मला तर काही समजून नाही राहिलं. कोणाच्या घरी असं झालंय का?

बालवैद्य_सुदामानगर
ताई, आधी एक काम करा, ऑपरेशनची तारीख आत्ता पुढे ढकला. मी मुलांचा डॉक्टर आहे, तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिला पाहणाऱ्या एंडोक्रायनोलॉजिस्टचा. पण तुम्ही जे आकडे लिहिलेत ते ओरडून सांगतायत की मूळ दुखणं गळ्यातल्या थायरॉईडमध्ये आहे, डोक्यात नाही.

असं बघा, पिट्यूटरीचं एक काम म्हणजे टीएसएच सोडून थायरॉईडला 'हार्मोन बनव' म्हणून सांगणं. थायरॉईडने टी४ पुरेसा बनवला की तो रक्तातून वर पोचतो आणि पिट्यूटरी गप्प बसते. थायरॉईड बंद पडत चालला तर टी४ वर पोचतच नाही, मग पिट्यूटरी टीएसएच सोडत राहते, महिनोन्महिने, वर्षं. आपल्याकडे वरची टाकी फुटलेली असली की नर्मदेची मोटर कशी चालूच राहते, तसं. इतकं काम पडल्यावर टीएसएच बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथीच फुगते. याला हायपरप्लेसिया म्हणतात, म्हणजे आहेत त्याच पेशी वाढल्या, ट्यूमर नव्हे. टी४ बाहेरून गोळीने दिला की पिट्यूटरीवरचा ताण जातो आणि ती हळूहळू आपल्या मापात येते. मिस्टरांना हे वाचायला द्या, त्यांची शंका बरोबरच आहे, पण गोळी डोक्यातल्या गाठीवर काम करत नाहीये, ज्या कमतरतेमुळे गाठ वाटतेय ती कमतरता भरून काढतेय.

लष्कर_ग्वाल्हेर
ताई तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, अगदी आमचीच गोष्ट. मी ग्वाल्हेरची, माझा मुलगा तेव्हा १२ वर्षांचा. उंची थांबलेली, चेहरा सुजल्यासारखा, बद्धकोष्ठ, एप्रिलमध्ये सुद्धा पंखा बंद कर म्हणायचा. (ग्वाल्हेरचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे!) कातडी इतकी कोरडी की पायावर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटायची. त्याचाही एमआरआय झाला, त्यातही पिट्यूटरी वर फुगून घुमटासारखी आली होती. आम्हाला नशिबाने पहिल्यांदाच ज्यांनी पाहिलं त्यांनी टीएसएच करायला लावलं. अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) खूप वर आलं, हाशिमोटो निघालं, म्हणजे शरीरच आपल्या थायरॉईडशी भांडतंय. गोळी सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला तर रेडिओलॉजीवाल्यांनी रिपोर्टमध्ये 'सामान्य आकार' लिहिलं. आज तो १७ चा आहे, माझ्यापेक्षा उंच, गोळी रोज घेतो, बाकी क्रिकेट आणि कोचिंग. धीर धरा.

पलासिया_काका
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं सांगतो. माझ्या धाकट्या भावाला पिट्यूटरीची गाठ होती, वय ३८. आम्ही आज करू उद्या करू म्हणत, इकडचं औषध तिकडचं औषध करत बसलो आणि एका डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच. ताई, रिपोर्टमध्ये डोळ्यांच्या नसांना टेकलंय असं लिहिलंय. हा गोळी देऊन वाट बघत बसण्याचा विषय आहे का? सर्जन उगाच सांगतील का? मुलीच्या नजरेशी खेळू नका एवढीच विनंती.

बालवैद्य_सुदामानगर
काका, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि हा मुद्दा कोणी काढला नसता तर मीच काढणार होतो. पण तुमच्या भावाचं आणि या मुलीचं दुखणं बाहेरून एकसारखं दिसत असलं तरी आतून वेगळं आहे. फरक रक्तात कळतो. टी४ कमी आणि टीएसएच आभाळाला, याचा अर्थ पिट्यूटरी तिचं काम जोरात करतेय आणि थायरॉईड ऐकत नाहीये. दोष पिट्यूटरीतच असता तर टी४ कमी असताना टीएसएच एवढा चढू शकला नसता, तो कमी किंवा नॉर्मलच्या आसपास किंवा फार तर थोडासा वर राहिला असता. आणि टीएसएच बनवणारी गाठ असती (फार क्वचित असते) तर टी४ उलट वाढलेला दिसला असता. म्हणून ज्या मुलाची पिट्यूटरी मोठी दिसते त्याचा टी४ आणि टीएसएच पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हे मी कोणालाही सांगेन. कारण ऑपरेशनमध्ये चांगली, धडधाकट ग्रंथी काढली गेली तर थायरॉईड, कॉर्टिसोल (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन), वाढीचं हार्मोन, पाळीचे हार्मोन, सगळ्यासाठी जन्मभर औषधं. जे गोळीने उतरलं असतं त्यासाठी ही किंमत.

आता डोळे. ताई, उद्याच्या उद्या व्हिज्युअल फील्डची तपासणी करून घ्या, त्याला पेरिमेट्री म्हणतात. नुसता चष्म्याचा नंबर बरोबर आहे म्हणजे कडेची नजर बरोबर आहे असं नसतं. नजर कमी होत चालली असेल तर मग न्यूरोसर्जन, एंडोक्राइन आणि डोळ्यांचे डॉक्टर तिघांनी मिळून ठरवायचं. तरी थायरॉईड एवढा कमी असताना भूल देणं स्वतःच जोखमीचं असतं, त्यामुळे थायरॉक्सिन (म्हणजे टी४ ची गोळी) तर कसंही सुरू करावंच लागतं.

आणखी एक, गोळी सुरू करण्याआधी सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसोल बघून घ्यायला सांगा. पिट्यूटरी मोठी असताना कॉर्टिसोल कमी पडत असेल आणि तसंच थायरॉक्सिन दिलं तर मूल एकदम आजारी पडू शकतं. डॉक्टर बघतीलच, पण तुम्ही विचारलंत तर बिघडत नाही.

फिल्मवाला
मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे, रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, रोज डोळ्यासमोरून जातं तेवढं सांगतो. पिट्यूटरी वयाप्रमाणे वेगळी असते, लहान मुलांत साधारण ६ मिमी, पाळीच्या वयातल्या मुलींत १० मिमीपर्यंत आणि वरून थोडी फुगीर असली तरी नॉर्मल धरतात, बाळंतपणाच्या आसपास १२ पर्यंत. १५ म्हणजे वाढलेली आहेच. पण रेडिओलॉजिस्ट साहेब बघतात की सगळी ग्रंथी सारखी वाढलीय का, दोन्ही बाजू समान आहेत का, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर सगळीकडे एकसारखा रंग येतो का. थायरॉईडवाल्या वाढीत बहुधा तसंच दिसतं. गाठ असली की बरेचदा एका बाजूला वेगळा भाग दिसतो. तरी नुसत्या फिल्मवरून शंभर टक्के कोणी सांगत नाही, आणि आमच्याकडे फॉर्मवर फक्त 'डोकेदुखी' एवढंच लिहून येतं, टीएसएचचा कागद सोबत आला असता तर रिपोर्टची शेवटची ओळ कदाचित वेगळी लिहिली गेली असती. ताई, टीएसएचचा रिपोर्ट घेऊन त्याच सेंटरला जा आणि रेडिओलॉजिस्टना पुन्हा बघायची विनंती करा, नवीन एमआरआय करायची गरज नाही. सीडी सांभाळून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला हीच लागेल.

योगप्रेमी_इंदूर
ताई, थायरॉईडसाठी कांचनारचा काढा आणि उज्जायी प्राणायाम खूप चांगलं. माझ्या वहिनीची गोळी सुटली त्याने. लहान मुलीला आयुष्यभराच्या गोळीत अडकवण्याआधी एकदा विचार करा.

लष्कर_ग्वाल्हेर
दादा, प्राणायाम जरूर करावा, माझा मुलगाही करतो. पण टीएसएच १५० च्या वर असलेल्या वाढत्या मुलीला काढ्यावर ठेवणं म्हणजे तिची वाढीची वर्षं हातची घालवणं. वहिनींचा आजार सौम्य असेल, मोठ्या माणसांत कधी कधी थायरॉईड तात्पुरता बिघडतो आणि आपोआप सुधारतो. मुलांमध्ये हाशिमोटो असून एवढा वर गेलेला असेल तर गोळी बहुतेक कायमचीच. आणि त्यात वाईट काय, गोळीत तेच हार्मोन आहे जे शरीराने बनवायला हवं होतं.

कॉलेजवाली_१९
मी एरवी इथे लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मी १६ ची असताना माझी पाळी थांबली आणि छातीतून दूध यायला लागलं. कोणाला सांगणार, आईला सांगायलाच कितीतरी दिवस लागले, घरात रडारड. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) केलं तर वाढलेलं, एमआरआयमध्ये पिट्यूटरी मोठी, लगेच 'प्रोलॅक्टिनोमा' (प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ) म्हणून प्रोलॅक्टिन कमी करायच्या गोळ्या सुरू. नंतर दुसऱ्या डॉक्टरबाईंनी टीएसएच पाहिला आणि म्हणाल्या अगं तुझं मूळ इथे आहे. त्यांनी समजावलं की थायरॉईड कमी असला की मेंदूतून टीआरएच नावाचा हार्मोन जास्त सुटतो आणि तो टीएसएचसोबत प्रोलॅक्टिनलाही वर ढकलतो, थोडंफारच, गाठीत असतं तसं शेकडो-हजारोंत नाही. थायरॉईडची गोळी लागू पडली तसं सगळं बंद झालं, पाळी पण वेळेवर. ताई, मुलीला एकटीला विचारा असं काही होतंय का. मुली सांगत नाहीत.

रामबागची_आई
सगळ्यांचे खूप आभार. बेटा, तू लिहिलंस म्हणून मी रात्री मुलीला जवळ घेऊन विचारलं, तसं काही नाहीये, पाळी अजून सुरूच झालेली नाही. काल पेरिमेट्री झाली. एक डोळा झाकून मशीनच्या पांढऱ्या वाटीत हनुवटी टेकवून बसायचं आणि बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्यांदा ती कंटाळून मध्येच डोळा फिरवत होती म्हणून परत करावी लागली. दोन्ही डोळ्यांचं फील्ड चांगलं आलं. कॉर्टिसोलही ठीक आहे. अँटी टीपीओ खूप जास्त. मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय ९-१० वर्षांचं आलं, हे ऐकून मला रडूच आलं पण एंडोक्राइनच्या डॉक्टर म्हणाल्या ही उलट चांगली गोष्ट आहे, हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. गोळी सुरू झालीय, आधी कमी डोस, मग वाढवत नेणार. ऑपरेशन नाही! सर्जनना फोन केला, त्यांनीही टीएसएच ऐकून हो म्हटलं. सासरे विचारतायत उंचीसाठी इंजेक्शनं लगेच सुरू करता येतील का?

बालवैद्य_सुदामानगर
फार बरं वाटलं ताई. बाबांना सांगा, वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं आत्ता नाही. थायरॉईड कमी असताना त्या हार्मोनची तपासणीही खोटी कमी दाखवू शकते, आधी थायरॉईड जागेवर येऊ द्या, मग उंचीचा वेग बघा. बहुतेक मुलं स्वतःच झपाट्याने वाढतात. सगळी राहिलेली उंची भरून निघेलच असं मी म्हणणार नाही, जितकी वर्षं वाया गेली तितकी कसर राहू शकते, म्हणून तर लवकर कळायला हवं.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत नव्याने खूप डोकं दुखलं, उलट्या झाल्या किंवा धूसर दिसलं तर वाट न बघता फोन करा, क्वचित मुलांत गोळी सुरू झाल्यावर डोक्यातला दाब वाढतो. तसंच लंगडायला लागली किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणाली तर खुब्याचा एक्स-रे, कारण या मुलांत खुब्याच्या हाडाचं टोक सरकायची शक्यता असते. आणि स्वभाव बदलेल. आजपर्यंत शांत, एका जागी बसणारी मुलगी चुळबुळी, चिडकी होईल, शाळेतून तक्रार येईल, केसही थोडे गळतील. त्यासाठी गोळी बंद करू नका.

मांडवी_बडोदा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. नणंदेची मुलगी ८ वर्षांची, बुटकी, जाड, छाती वाढलीय आणि मागच्या महिन्यात पाळीसारखं रक्त गेलं. सोनोग्राफीत दोन्हीकडे अंडाशयात मोठ्या सिस्ट आहेत. कोणी ऑपरेशन सांगतंय, कोणी वयाच्या आधी वयात आलीय म्हणून ते थांबवायची इंजेक्शनं. थायरॉईडशी संबंध असू शकतो का?

बालवैद्य_सुदामानगर
असू शकतो, आणि हे विचारलंत ते फार चांगलं केलंत. लवकर वयात येणाऱ्या मुली सहसा उंचीला इतरांपेक्षा पुढे जातात, हाडांचं वयही पुढे असतं. ही मुलगी बुटकी आहे हीच खूण. थायरॉईड खूप दिवस कमी असला की टीएसएच इतका वाढतो की तो अंडाशयातल्या एफएसएचच्या (अंडाशयाला चालना देणाऱ्या पिट्यूटरीच्या हार्मोनच्या) जागेवर थोडा थोडा काम करायला लागतो, त्याने सिस्ट होतात, रक्तस्राव होतो. याला व्हॅन विक-ग्रुम्बाख सिंड्रोम म्हणतात, १९६० मध्ये ज्या दोन डॉक्टरांनी वर्णन केलं त्यांच्या नावावरून. त्यातही पिट्यूटरी वाढलेली सापडते. हाताचा एक्स-रे करा, हाडं मागे असतील तर संशय पक्का. टीएसएच आणि टी४ आजच करून घ्या, ते येईपर्यंत ना ऑपरेशन ना इंजेक्शन. फक्त पोटात एकदम असह्य कळ आली तर सिस्टला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा लगेच हॉस्पिटल.

पलासिया_काका
डॉक्टर, समजावलंत त्याबद्दल आभार. मला हा फरक माहीत नव्हता. पोरीची नजर चांगली आहे वाचून जीव भांड्यात पडला. ताई, काही लागलं तर सांगा, आम्ही जवळच आहोत.

लष्कर_ग्वाल्हेर
ताई आता गोळीचं सांगते, कारण खरं काम इथेच आहे. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही, चहा नाही, दूध नाही. तुमच्या इंदूरला सकाळी सकाळी पोहे-जलेबी, तर ते नंतर. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. शाळेत आठवड्यातून एकदा ती निळी लोहाची गोळी देतात ना, ती लक्षात ठेवा, सकाळी लवकरची शाळा असेल तर बाईंना सांगून ती दुपारी जेवणानंतर घरी द्या. उपासाच्या दिवशी सुद्धा ही गोळी चालू, चतुर्थी असो की नवरात्र. राहिली एखाद्या दिवशी तर आठवेल तेव्हा द्या, पण महिन्यातून चार-पाच वेळा राहायला लागली की टीएसएच परत चढतो, आमच्याकडे दहावीच्या वर्षी तसं झालं होतं. बाटली खिडकीत उन्हात ठेवू नका आणि मेडिकलवाला दुसरी कंपनी देत असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदला.

रामबागची_आई
बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, माफ करा, शाळा आणि गणपती यात वेळच मिळाला नाही. पुन्हा एमआरआय झाला. पिट्यूटरी ८ मिमी! नसांपासून सुटलीय, रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोमा हा शब्दच नाही. त्याच सेंटरला केला आणि जुनी सीडी दिली होती. डोकेदुखी कधीच थांबली. टी४ बरोबर झालाय, टीएसएच ९ आहे, डॉक्टर म्हणाल्या टीएसएच मागून येतो, डोस थोडा वाढवलाय, सहा-आठ आठवड्यांनी परत बघायचं. उंची ६ सेमी वाढलीय, स्कर्ट आता गुडघ्याच्या वर जातोय. स्वभावाचं तुम्ही सांगितलं होतं ते तंतोतंत, पूर्वी हाक मारली तरी उठत नव्हती, आता एका जागी बसत नाही, गणितात मार्क घसरले, पण मी तिला रागवत नाही. सिलिअ‍ॅकचीही तपासणी करून घेतली (गहू न सोसण्याचा आजार), तो नाहीये. आता एकच, धाकटा मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याचाही थायरॉईड तपासायचा का? तो तर उंच आहे.

मांडवी_बडोदा
आमच्या भाचीचा टीएसएच पण खूप वर आला होता. गोळी सुरू आहे, रक्त जायचं थांबलं, सिस्ट लहान होतायत. ऑपरेशन केलं नाही. नणंद म्हणतेय तुम्हा सगळ्यांना सांग.

बालवैद्य_सुदामानगर
दोन्ही बातम्या वाचून खूप आनंद झाला. ताई, हाशिमोटो घराण्यात चालतं, म्हणून एकदा धाकट्याचा टीएसएच करून घ्यायला हरकत नाही, तुमचा स्वतःचाही करा. नॉर्मल आला तर दरवर्षी सुई टोचायची गरज नाही, पण दर सहा महिन्यांनी त्याची उंची भिंतीला टाच टेकवून, बूट काढून मोजा आणि आयएपीच्या (मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या) २०१५ च्या तक्त्यावर खूण करा, तुमच्या डॉक्टरांकडे तो छापील मिळेल. तो आज उंच असला तरी त्याची रेघ आडवी व्हायला लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. मुलीचा टीएसएच ६ च्या खाली आला की डोस तोच ठेवायचा की वाढवायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि ज्या दिवशी रक्त द्यायचं त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर द्या. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असेल तर ते तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद, त्याने आकडे चुकतात.

रामबागची_आई
बायोटिन खरंच देत होते, केस गळतायत म्हणून पार्लरवालीने सांगितलं होतं. आजपासून बंद. धाकट्याचं आणि माझं रक्त शनिवारी देतोय.